आजोबांची स्मरणिका: वर्षश्राद्धाच्या आत बत्तीस पानं

वर्षश्राद्ध तिथीनं येतं, त्यामुळे कामाची सुरुवात पंचांग उघडून करायची. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. गेल्या १० नोव्हेंबरला आजोबा गेले असतील तर ती तिथी यंदा ऑक्टोबरच्या शेवटी पडेल. मध्ये अधिक महिना आला तर तीच तिथी ३८४ दिवसांवर, नोव्हेंबरच्या अखेरीस जाते. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. गुरुजींकडून दिवस पक्का करून घ्या आणि तिथून १२ आठवडे मागे मोजा. पहिले ५ आठवडे गोळा करायला, पुढचे ३ लिहायला, २ मांडणी आणि प्रुफांना, २ छपाईला. छपाईला प्रत्यक्षात ३-४ दिवसच लागतात, पण दिवाळी किंवा लग्नसराई आली की छापखान्यात पत्रिका आधी आणि स्मरणिका नंतर असा क्रम लागतो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: स्मरणिकेत गुण लिहायचे नाहीत, दिवस लिहायचे. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि शिस्तप्रिय’ हे चार शब्द ठाण्यातल्या कुठल्याही आजोबांच्या फोटोखाली चालतात. ‘वागळे इस्टेटच्या कंपनीत सेकंड शिफ्ट सुटली की खोपटपर्यंत चालत यायचे, बसचे पैसे वाचवून शनिवारी भजी आणायचे’ हे एकाच माणसाचं असतं. चार विशेषणांच्या जागी असं एक वाक्य मिळवणं, एवढंच या कामात अवघड आहे. बाकीचं सगळं हमाली.

कागद आधी, माणसं नंतर

घरातल्या मोठ्यांना विचारायला बसण्याआधी कपाटातली पिशवी उपसा. कागद हातात असला की प्रश्न नेमका विचारता येतो आणि समोरच्यालाही आठवतं. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, पीएफच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, कंपनीचा गेटपास, सरकारी नोकरी असेल तर सेवापुस्तकाची नक्कल, घराचं करारपत्र, सोसायटीचा शेअर दाखला. गावाकडची जमीन असेल तर जुने फेरफार पाहा. ठाणे जिल्ह्यातले स्कॅन केलेले जुने अभिलेख महाभूमी या सरकारी संकेतस्थळाच्या ‘आपले अभिलेख’वर शोधता येतात. फेरफारात वारसांची नावं असतात, त्यामुळे पणजोबांच्या भावंडांपर्यंत वंशावळ तिथेच सापडून जाते. नवी मुंबईतल्या मूळ गावांतल्या घरांत, म्हणजे घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा इकडे, भूसंपादनाच्या नोटिसा आणि संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोनं दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची कागदपत्रं जपून ठेवलेली असतात. शेत, खाजण, मिठागर कुठे होतं ते त्यातल्या सर्व्हे नंबरांवरून कळतं. आज तिथे कुठलं सेक्टर आहे ते शेजारी लिहिलं की नातवंडांना पत्ता लागतो.

कागद वाचताना काही गोष्टी माहीत हव्यात. दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर तो आजचा रायगड, नाव १९८१ साली बदललं. सिंधुदुर्गही १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे मालवणच्या आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असणं चूक नाही. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे सांगली. ठाण्यात १ ऑक्टोबर १९८२ पर्यंत नगरपालिका होती, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ची. १९७५ च्या आधीची मॅट्रिक म्हणजे जुनी अकरावी. तिला ‘दहावी पास’ लिहिलंत तर आजोबांचे वर्गमित्र पहिल्याच पानावर चूक धरतील.

जन्मतारखेवर थोडं थांबायला हवं. त्या पिढीतल्या कित्येक घरांत आजोबांची तारीख १ जून निघते. शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी वयाला बसेल अशी १ जून टाकून नाव घालायचे. खरी तारीख हवी असेल तर पत्रिका शोधा. त्यावर ‘शके १८६२, माघ वद्य ५’ असं काहीतरी असेल. शकाचं इसवी सन काढताना चैत्र ते मार्गशीर्ष ७८ मिळवायचे आणि जानेवारी लागला की फाल्गुनापर्यंत ७९. म्हणजे हा जन्म १९४१ च्या फेब्रुवारीतला. पुढे नेमकी तारीख इंटरनेटवरच्या पंचांगात पाहताना हमखास एक घोटाळा होतो. उत्तरेकडच्या पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपला माघ वद्य पक्ष तिकडे फाल्गुन कृष्ण असतो. सेटिंग ‘अमान्त’ केलं नाही तर तारीख एका महिन्यानं चुकते. पत्रिकेतला वार जुळतोय का तेही बघा, पण जन्म पहाटेचा असेल तर वार आदल्या दिवसाचा लिहिलेला असतो, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही छापा: ‘जन्म माघ वद्य ५, शके १८६२; शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जून १९४०’.

कागदांच्या त्या पिशवीत जुनी कालनिर्णयं असतील तर ती रद्दीत देऊ नका. कालनिर्णय १९७३ पासून निघतं आणि कित्येक घरांत त्याची डायरी होते. एक पान घेऊन बसा. तारखेच्या चौकोनात ‘२’ म्हणजे दोन पिशव्या दूध, फुली म्हणजे खाडा. मे महिन्यात सलग बारा खाडे दिसले की घर गावाला गेलं होतं. ‘गॅस’ लिहिलेल्या दोन तारखांमधले दिवस मोजले तर सिलिंडर किती दिवस पुरायचा ते कळतं आणि मध्येच तो दहा दिवस आधी संपला असेल तर त्या महिन्यात घरात पाहुणे होते, कुणाचं तरी बाळंतपण होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रे. ३०’ असेल तर ब्लडप्रेशरच्या ३० गोळ्या आणल्याची नोंद असू शकते. आजींना दाखवून विचारा. अशी दोन पानं जशीच्या तशी, हस्ताक्षरासकट छापा. कुणाच्याही भाषणापेक्षा जास्त बोलतात.

विचारायचं कसं

‘आजोबांबद्दल काहीतरी सांगा’ म्हटलं की माणूस विशेषणांकडे वळतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर्वांनी आठवणी पाठवा’ असा निरोप टाकलात तर हात जोडलेली चित्रं आणि ‘देवमाणूस होते’ एवढंच हाती लागेल. प्रत्येकाला वेगळा आणि एकच प्रश्न पाठवा. आत्याला: तुझ्या लग्नाचे पैसे कुठून उभे केले? मोठ्या सुनेला: घरात आल्यावर त्यांच्याशी पहिलं बोलणं काय झालं? चाळीतल्या शेजाऱ्यांना: नळावरून भांडण झालं की ते काय करायचे? कंपनीतल्या सहकाऱ्याला: डब्यात काय असायचं आणि कुणाबरोबर खायचे? जावयाला: तुम्हाला पहिल्यांदा भेटले तेव्हा काय विचारलं? मर्यादा १५० शब्द, मुदत १५ दिवस. जे लिहिणार नाहीत, आणि निम्मे लिहीत नाहीत, त्यांना फोन करून तुम्हीच लिहून घ्या.

आजींची मुलाखत मात्र समोर बसूनच. एका बैठकीला ४० मिनिटं पुरेत आणि अशा चार बैठका. वेळ दुपारी चहाच्या आधीची, घरात एक-दोनच माणसं असताना. मुलगे समोर बसले की आजी त्यांच्याकडे बघून उत्तरं देतात. फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. टेबलावर नुसता ठेवला तर प्रत्येक पेल्याचा आवाज येतो. पंखा एकवर किंवा बंद. पहिलं मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. तासभर बोलून झाल्यावर फक्त पंख्याची घरघर निघाली तर आजी तेच पुन्हा त्याच रंगात सांगणार नाहीत. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, कोण, कुठपर्यंत आलो.

प्रश्न जागा, पैसे आणि खाणं यांचे ठेवा. पहिल्या खोलीचं भाडं किती, पागडी दिली होती का, पाणी किती वाजता यायचं. पहिला पगार घरात कुणाच्या हातात दिला. आजारपणात कुठल्या डॉक्टरांकडे जायचात. मटण कुणी करायचं. साल आठवत नसेल तर विचारूही नका, आजूबाजूच्या घटना पुढे करा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७) कुठे राहत होतात? दुष्काळात, म्हणजे १९७२ ला, गावाहून कोण कोण आलं होतं? गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा (१८ जानेवारी १९८२) धाकटा केवढा होता? २६ जुलै २००५ ला कोण कुठे अडकलं होतं? ‘धाकटा कडेवर होता’ एवढ्या उत्तरावरून साल बांधता येतं.

मग तपासणी. आठवण खोटी नसते, पण सरकते. ‘९० साली ते ठाण्याहून थेट लोकलनं वाशीला जायचे’ असं कुणी सांगितलं तर थांबा. वाशीला लोकल मानखुर्दवरून आली १९९२ च्या मे महिन्यात, आणि ठाणे-वाशी थेट लोकल २००४ मध्ये. म्हणजे एकतर साल चुकलंय, नाहीतर ते बेलापूर रोडनं बसनं जायचे. परत विचारलं की बसची गर्दी, दिघ्याचा स्टॉप, भिजलेला डबा असं बरंच बाहेर येतं. चूक सापडणं म्हणून फायद्याचंच. दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर कागद ज्याच्या बाजूनं आहे ती घ्या. कागदच नसेल तर दोन्ही द्या, नावानिशी.

बोली सुधारू नका. आगरी आजी जशा बोलल्या तसं, मालवणी काका जसे बोलले तसं, निदान अवतरणातलं वाक्य तरी तसंच राहू द्या. फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग प्रमाण भाषा बऱ्यापैकी उतरवतं. बोलीचा मात्र चुथडा करतं आणि विरामचिन्हं आपणच घालायची असतात.

कर्ज, दारू, भावांची भांडणं, कोर्टकचेरी यांचं काय करायचं? आमचं मत: कर्ज लिहा, कसं फेडलं तेही लिहा. दारू सुटली असेल तर आजींची परवानगी घेऊन लिहा. चालू असलेला वाद, मृत्युपत्र, कुणाला काय मिळालं, यातलं अक्षरही नको. स्मरणिका उद्या वकिलाच्या फाइलीत जायला नको. आधार, बँक खातं, सर्व्हे नंबरासकटचा सातबारा यांचे फोटो छापू नका. जुनी कागदपत्रं शोभेसाठी छापायची असतील तर आकडे झाका.

फोटो

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा फ्लॉस दोन्ही हातांत ताणून फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा. तरीही सुटत नसेल, किंवा फ्रेमच्या काचेला चिकटला असेल, तर आहे तिथेच स्कॅन करा. पावसाळ्यात ओल धरलेले फोटो आधी पंख्याखाली, चित्राची बाजू वर ठेवून वाळू द्या, उन्हात नको.

स्कॅन नेहमीच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. कारण साधं आहे: छपाईला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांचा फोटो ६०० ला घेतला तर पाच बाय सात इंचांपर्यंत मोठा छापता येतो, ए-५ पान जवळपास भरतं. स्कॅनर नसेल तर खिडकीशी, सकाळी दहाच्या सुमारास, फोटो सपाट ठेवून फोन वरून समांतर धरा, फ्लॅश बंद. नातेवाइकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सॲप त्याचा आकार घटवतं आणि छापल्यावर चेहरे मेणाचे दिसतात. जुने फोटो रंगीत करून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. आजोबांचा खाकी गणवेश निळा होतो आणि नाकही थोडं बदलतं.

मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, २बी किंवा त्याहून मऊ. बॉलपेन दाबलं की पुढून उठतं.

पानांचा हिशेब

आकार ए-५, आतली ३२ पानं, वर चार पानी कव्हर, मध्ये पिना. अशा बांधणीत पानं चारच्या पटीतच लागतात. ३० पानांचा मजकूर घेऊन गेलात तर दोन कोरी राहतील. बारा पॉइंटच्या मराठी अक्षरांत एका पानावर साधारण २२० शब्द बसतात.

आम्ही अशी वाटणी सुचवू. पहिल्या पानावर एकच फोटो, नाव, दोन तारखा. दोन आणि तीनवर जीवनपट, सालवार, एका ओळीत एक घटना. चार ते पंधरा हकिगती. सोळा-सतरा ही मधली जोडी एकाच कागदावर येते, म्हणून सगळ्या कुटुंबाचा आडवा फोटो तिथेच टाका. दुसरीकडे कुठेही टाकलात तर मधला माणूस पिनांच्या जागी चिरला जातो आणि दोन्ही अर्ध्या भागांची छटाही जुळत नाही. अठरा ते पंचवीस इतरांच्या आठवणी. सव्वीस-सत्तावीस हस्ताक्षर आणि ती कालनिर्णयाची पानं. अठ्ठावीस-एकोणतीस वंशावळ. तीसवर त्यांचे ठरलेले शब्द आणि म्हणी. एकतीसवर त्यांच्या हातचा एखादा पदार्थ किंवा दुरुस्तीची युक्ती. बत्तीस रिकामं, फक्त रेघा. का ते शेवटी येईल.

वंशावळीत बहुतेक घरांची स्मरणिका घसरते. मुलांची पूर्ण शाखा, मुलींच्या नावापुढे नुसती रेघ. मुली, जावई, त्यांची मुलं सगळं तितकंच सविस्तर घ्या. मुलीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं. लहानपणी गेलेलं मूल असेल तर आजींना एकटं गाठून विचारा, नाव घालायचं की नाही ते त्या ठरवतील.

कागद आत १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा साधा कागद, किंवा किंचित पिवळसर नॅचरल शेड घ्या. छापखानेवाला १३० जीएसएमचा आर्ट पेपर पुढे करेल, फोटो त्यावर उठून दिसतात हे खरं. पण तो ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि वाचणारे निम्मे मोतीबिंदूवाले असतात. मॅपलिथोवर शाई पसरून फोटो काळवंडतात, म्हणून कृष्णधवल फोटो आधीच थोडे उजळ करा आणि एका पानाची छापील चाचणी मागा. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन, आणि क्रीझिंग करून, म्हणजे दुमडायच्या जागी आधी रेघ दाबून. क्रीझ न मारता दुमडलं तर कण्यावर रंग तडकतो. मजकूर कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत ठेवा, कारण पिनांच्या बांधणीत मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये पानांचे आकडे उडतात. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडा.

फॉन्टचा प्रश्न छापखान्यात उभा राहतोच. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, जुन्या छापखान्याचा ऑपरेटर तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो आणि त्यात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘क्ष’, रफार आणि पहिली वेलांटी फुटतात. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’. शक्य असेल तर मांडणी स्वतः करून फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्या. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्ट निवडा. हिंदी वळणाचं अक्षर ज्येष्ठांच्या डोळ्यांना खुपतं.

प्रती माणशी मोजू नका, चुली मोजा, आणि त्यावर २० जास्त. दोनशे-अडीचशेपर्यंत डिजिटल छपाई परवडते. दर तीन छापखान्यांत विचारा आणि, नौपाड्यात असो की तुर्भ्याच्या एमआयडीसीत, तिन्ही ठिकाणी एकच चिठ्ठी दाखवा: आकार, पानं, कागद, रंगीत पानं किती, लॅमिनेशन, प्रती. नाहीतर तीन दर तीन वेगळ्या पुस्तकांचे निघतात.

प्रूफ दोनदा, आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून, आजींसमोर. एक माणूस फक्त नावं आणि तारखा पाहील, दुसरं काही नाही. विशेष लक्ष ‘कै.’ वर. ओळीनं नावं टाइप करताना हयात काकांच्या मागे ‘कै.’ लागून जातं, आणि ते काका कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलेले असतात.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणाआधी प्रती वाटू नका, पानांवर वरण सांडतं. निघताना द्या. एक प्रत मात्र सकाळपासून फोटोजवळच्या टेबलावर उघडी ठेवा, दोऱ्यानं पेन्सिल बांधून. लोक चाळतील आणि म्हणतील, हे असं नव्हतं, ही ती वहिनी नव्हेच, त्या साली आम्ही कळव्याला होतो. त्यांच्या हातात पेन्सिल द्या आणि बत्तिसावं पान दाखवा. संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढा, पीडीएफ दुरुस्त करा, नावात ‘आवृत्ती २’ टाका आणि मूळ स्कॅन, रेकॉर्डिंगसकट दोन वेगळ्या घरांतल्या दोन पेन ड्राइव्हवर ठेवा.